एकसारखे नीलपंख

शनिवार, नोव्हेंबरचा पहिला आठवडा, जेवणं आटोपल्यावरची दुपार. मूलला बसस्टँडच्या रस्त्यावर माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत वर्ग. हजर: मी, माझी धाकटी जाऊ, समोरच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या आपा, आणि शिकवायला शाळेतल्या ड्रॉइंगच्या मॅडम. गैरहजर कोणी नाही.

"चार जणी तं हावो आपण, हजेरी कायले पाहिजे?" आपांनी विचारलं.

"बाईले लिहिल्याशिवाय जेवण पचत नाई," माझी जाऊ म्हणाली.

ती मला बाई म्हणते. आम्हा दोघींची घरं एका भिंतीला चिकटून आहेत, दोघा भावांनी एकाच वेळी बांधलेली. भिंतीपलीकडे कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते मला कळतं आणि माझ्या घरात कोण कोणाला काय बोललं ते तिला. त्यामुळे एकमेकींपासून काही लपवायचं तर फार मेहनत घ्यावी लागते. म्हणूनच पुढे जे झालं त्याचा मला जास्त राग आला.

वर्गाचं कारण असं. ताडोबाच्या जंगलाला लागून, बफरमध्ये, एक रिसॉर्ट आहे. तिथला व्यवस्थापक त्यांचा प्रिंटर बिघडला की माझ्या दुकानात पाहुण्यांचे कागद काढायला येतो. दिवाळीच्या आधी तो काउंटरपाशी उभा राहून म्हणाला की डिसेंबरच्या सुट्ट्यांत येणाऱ्या पाहुण्यांच्या खोलीत त्याला हाताने केलेली शुभेच्छापत्रं ठेवायची आहेत. प्रत्येक खोलीत तीन कार्डांचा संच: पळसाची डहाळी, सागाचं पान आणि नीलपंख पक्षी. कुठे मिळतील?

मी म्हटलं, आम्ही करून देऊ. आमचा बायकांचा लहानसा गट होता, पण लोणची-पापडापलीकडे आम्ही गेलो नव्हतो, आणि लोणची-पापड मूलमध्ये प्रत्येकच घरी होतात. बाहेरचं, माणसं कौतुकाने हातात घेतील असं काम आम्हाला पहिल्यांदाच मिळत होतं. त्याने एक अट घातली. मागच्या वर्षी त्याने दुसरीकडून कार्डं घेतली होती. नाश्त्याच्या टेबलावर दोन खोल्यांतल्या पाहुण्यांनी आपापली कार्डं शेजारी ठेवली, तर दोन्हींवरचं चितळ तंतोतंत एक. शिंगाचं मोडलेलं टोकसुद्धा एकाच जागी. बाह्यरेषा मशीनवर छापलेली होती, आत फक्त रंग भरला होता. पाहुण्यांनी हसून घेतलं आणि मालकाने याला धारेवर धरलं.

"ताई, एक जरी छापलेलं निघालं तर सगळा गठ्ठा परत," तो म्हणाला. "आणि तुमचंच दुकान झेरॉक्सचं. म्हणून आधीच सांगतो."

मी त्याला शब्द दिला. प्रत्येक रेघ हाताने काढलेली असेल, ती माझी जबाबदारी.

पहिल्या दिवशी मॅडमनी आधी आकाश शिकवलं. खरबरीत जाड कागद फळीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने बसवायचा, म्हणजे भिजल्यावर तो फुगत नाही. फळी थोडी तिरपी ठेवायची. ब्रश भरून वरून आडवा पट्टा ओढायचा, त्याच्या खालच्या कडेला रंगाचं पाणी ओळीने साठतं, पुढचा पट्टा त्या ओळीला धरून ओढायचा. मागे जाऊन दुरुस्ती करायची नाही. हे मला पटलं. माझ्या आकाशात पट्टे दिसत होते, पण सरळ दिसत होते. आपांचं आकाश सगळ्यांत सफाईदार आलं. जावेचं आकाश मध्येच वाळलं, त्यावर तिने परत ब्रश फिरवला, आणि फुलकोबीसारखे डाग उठले.

मॅडम म्हणाल्या, "जलरंगात पांढरा रंग वापरत नाहीत. पांढरं हवं तिथे कागद कोरा सोडायचा. आधी ठरवावं लागतं."

मग तिन्ही चित्रांचा एकेक नमुना त्यांनी आम्हाला करून दाखवला आणि पेन्सिलीच्या रेषेचं एकेक पान प्रत्येकीला पाहून सराव करायला दिलं. सागाचं पान मला जमलं, त्याला शिरांची शिस्त असते. पळस आपांना जमला. पक्षी कोणालाच जमेना. जावेचा नीलपंख पाहून आपा म्हणाल्या, "ये तो अंडे पे बैठेली मुर्गी हाय."

"असू द्या," जाऊ म्हणाली, "पाहुण्यायले ऑमलेट भेटन."

खूप हसलो. वाटणी करताना मात्र तीच म्हणाली, पक्षी मी करते. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिने ब्रश धुवायला घेतला.

पुढच्या शनिवारी ती नीलपंखांची चळत घेऊन आली.

खरं सांगते, कार्डं सुंदर होती. पक्षी बाभळीच्या काटकीवर बसलेला, मान जरा वळवलेली, छातीचा तांबूस रंग पोटाकडे विरत गेलेला. आणि पक्ष्याच्या सगळ्या अंगाभोवती आकाशाचा रंग थबकून एक बारीक पांढरी कड राहिली होती. उन्हं पाठीमागून यावीत तशी. मॅडमनी कार्ड लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं.

"रंग अडवायला मेण लावलं होतं का इथे?"

"नाई मॅडम. हात बसला."

"एका आठवड्यात?"

"घरी दुसरं काय काम हाय मले," ती म्हणाली. भिंतीपलीकडून मला माहीत होतं की तिच्या घरी सकाळपासून रात्रीपर्यंत कामच काम असतं.

मॅडम गेल्यावर मी कार्डं मोजण्याच्या निमित्ताने दुकानात आणली. झेरॉक्सच्या धंद्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाच्या बोटांना मूळ कागद आणि नक्कल यांतला फरक कळतो. मी दोन कार्डं एकावर एक ठेवली, कोपरे जुळवले आणि दारातल्या उजेडात धरली. डोळा डोळ्यावर बसला. चोच चोचीवर. शेपटीचं टोक टोकावर. तिसरं ठेवलं, चौथं ठेवलं. कुठेच केसाएवढा फरक नाही. मी स्वतः सागाची पानं करत होते, माझी दोन पानं कधी सारखी आली नव्हती, आणि मी पट्टी लावून काम करणारी बाई.

मग मी एकेक शक्यता तपासली. आमच्या मशीनची पावडर असती तर कार्ड तिरपं धरल्यावर रेष चमकली असती. चमकत नव्हती. शाईच्या प्रिंटरवर काढलं असतं तर ओलं बोट लावल्यावर रेष फुटली असती. मी एका कार्डावर पक्ष्याच्या शेपटीला ओलं बोट लावलं. रंग बोटाला आला, म्हणजे रंग हाताने भरलेला. खालची बारीक निळसर रेष मात्र जागची हलली नाही. मग राहिलं काय? छापखान्याची शाई.

आणि तिच्या भावाचा वरोऱ्याला लग्नपत्रिकांचा छापखाना आहे.

कार्ड नाकाजवळ नेलं तर त्याला रॉकेलचा वास येत होता. अगदी पुसट, पण येत होता. रेशनचं रॉकेल बंद होऊन किती वर्षं झाली. आमच्या दोघींच्याही घरी आता त्याचा थेंब नाही. छापखान्यात मात्र मशीनचे रूळ रॉकेलने पुसतात. तिच्या भावाच्या कपड्यांना नेहमी तोच वास असतो. शिवाय गेल्या आठवड्यात तो मोटारसायकलवर आला होता. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी तिच्या हातात देऊन, चहासुद्धा न घेता गेला होता. मी त्या वेळी अंगणात कपडे वाळत घालत होते. तो मला "रामराम ताई" म्हणाला, पण गाडीवरून उतरला नाही.

संध्याकाळी मी हे सगळं नवऱ्याला सांगितलं.

"घरातल्या घरात सीआयडी लावली का तू?" तो म्हणाला. "तिले विचारून टाक ना सरळ."

"विचारलं आणि ती नाही म्हणाली तर?"

"तं नाई म्हणून मान."

हे त्याचं नेहमीचं. त्याच्या भावाच्या बायकोला काही विचारायचं म्हटलं की तो वर्तमानपत्र उघडतो.

मी विचारलं नाही. मी लक्ष ठेवलं. दुपारी दुकानातून जेवायला येते तेव्हा तिचा मागचा दरवाजा एरवी उघडा असतो. त्या आठवड्यात तो रोज लावलेला असायचा. एकदा मी मागच्या अंगणातल्या भिंतीवरून हाक मारली, "काय करून राह्यली वं?" तर आतून भांडं आपटल्याचा आवाज आला आणि मग उत्तर, "काई नाई बाई, धान निवडून राह्यली." नुकतंच गावाहून नवं धान आलं होतं, पण माझ्या घरचं आणि तिच्या घरचं एकाच गाडीतून आलं होतं आणि दोन्ही पोती अजून शिवलेलीच होती. तिचं पोतं मला तिच्या खिडकीतून दिसत होतं.

आपांनाही काहीतरी जाणवलं होतं. त्या शनिवारी सावकाश पळसाच्या पाकळ्या करता करता, ओल्या कागदावर केशरी सोडून त्यात लाल टोचत, त्या मला हळूच म्हणाल्या, "बाई, तिचे परिंदे एकदम वर्दीतले शिपाई वाटते. सब एक कतार में."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मले काय वाटायचं हाय? तुमच्या घरचा मामला."

आणि जाऊ समोर बसून, मान खाली घालून, आकाश करत होती. आकाश ती आमच्यासमोर करायची, पक्षी मात्र आधीच घरून आणायची, रेष आणि सगळं. मी तिला एकदा म्हटलं, "आज एक पक्षी इथेच काढ ना. मला शिकायचा आहे."

"माझं घरी जमते बाई. इथी सगळ्या पाहून राह्यल्या का माझा हात कापते."

तिचा हात कापताना मी कधी पाहिला नाही. लग्नात मेंदी काढायला तिला बोलावतात.

गठ्ठा द्यायचा दिवस जवळ आला. माझ्यापुढे हिशेब सोपा होता आणि दोन्हीकडून वाईट होता. संच तीन कार्डांचा. पक्षी काढून टाकले तर आपांचे पळस आणि माझी पानं कोणाच्याच कामाची नव्हती. पक्षी ठेवले आणि ते छापलेले निघाले तर सगळा गठ्ठा परत, माझा शब्द खोटा, आणि झेरॉक्सवाल्या बाईने अखेर झेरॉक्सच केली असं गावभर. त्यामुळे मला आधी कळायला हवं होतं.

बुधवारी मी दुकानाचं अर्धं शटर टाकून दुपारी लवकर घरी आले. तिचा मागचा दरवाजा लावलेला होता, पण माझ्या अंगणातून कडेच्या बोळाने तिच्या अंगणात जाता येतं. त्या बोळात आम्ही दोघी सरपण ठेवतो. मी सरपणाला धक्का न लावता गेले.

अंगणात ती पाठमोरी बसली होती. कपड्यांच्या दोरीवर एक अर्धपारदर्शक कागद चिमट्याने टांगलेला होता आणि त्याच्यातून ऊन येत होतं. त्या कागदाला सुईने टोचलेली भोकं होती आणि सगळी भोकं मिळून एक नीलपंख. मान जरा वळवलेली. तिच्यापुढे पाटावर कोरं कार्ड, वाटीत काहीतरी निळं, हातात कापसाचा बोळा.

मला क्षणभर कळलं नाही, आणि मग इतकं कळलं की मी स्वतःवरच चिडले. छापा! चादरीवर, उशीच्या अभ्र्यावर भरतकाम करायच्या आधी नक्षी उतरवतात तो. नक्षीच्या कागदाला सुईने भोकं पाडायची, कागद कापडावर ठेवायचा, कपड्यांची नीळ रॉकेलमध्ये कालवून बोळ्याने वरून फिरवायची. भोकांतून निळे ठिपके खाली उतरतात. लग्नाआधी आम्ही सगळ्यांनीच हे केलेलं आहे. माझ्या माहेरच्या ट्रंकेत अशा कागदांची गुंडाळी होती.

"हे काय वं?" मी म्हटलं.

ती दचकली, वाटी कलंडली आणि पाटावर निळं पसरलं.

"बाप्पा! बाई, चोरासारख्या काऊन आल्या?"

"चोरासारखं कोण करून राह्यलं? दार लावून?"

"वास येते म्हणून दार लावलं. शेजारी कोणी वास घेत फिरते म्हणून."

मी कलंडलेली वाटी सरळ केली. "रॉकेल कुठून आणलं?"

"भावानं आणून दिलं. छापखान्यातलं. बाटली पेपरात गुंडाळून. तुमी पाहलं ना अंगणातून? मले वाटलंच होतं."

"आणि पक्षी? पक्षी तुझा आहे का तो?"

"मॅडमनं रेषेचं पान दिलं तेच या कागदावर घेऊन टोचलं."

"म्हणजे मॅडमचा."

"मॅडमनं पाहून करा म्हटलं. मी पाहूनच केलं."

"हे पाहून नाही, हे उतरवून आहे."

ती उठली, हात पदराला पुसले, पदर निळा झाला. "बाई, तुमच्या पलंगावर मोरायची चादर हाय. दरवेळी पाहुणे आले का तुमी सांगता, माझ्या हातची हाय. छापा मारूनच भरली ना ते? का तुमी मोर डोळ्यानं पाहून काढले? त्याले हातचं काम म्हणता आणि माझं चोरीचं?"

चादर छापा मारूनच भरली होती, ते खरं, पण तेवढ्याने तिचं बरोबर ठरत नव्हतं. चादर विकायला नव्हती. चादरीबद्दल मी कोणाला शब्द दिला नव्हता. व्यवस्थापकाला जे नको होतं ते नेमकं हेच: एक रेष, पुन्हा पुन्हा, आत रंग. मशीनने छापली काय आणि बोळ्याने छापली काय, नाश्त्याच्या टेबलावर दोन नीलपंख शेजारी ठेवले की डोळा डोळ्यावर बसणारच.

मी तिला हे सांगितलं. ती ऐकत होती, पण तिची नजर कार्डाकडे होती.

"ती पांढरी कड कशी येते?" मी विचारलं.

"मले का माहीत. आपोआप येते."

ते मात्र मला तिथेच उभ्या उभ्या समजलं. रॉकेल लागलेल्या कागदावर पाणी बसत नाही. ठिपक्यांच्या बाजूला जिथवर रॉकेल पसरलं तिथवर आकाशाचा रंग जायला तयार नव्हता. आम्ही सगळ्या ज्याचं कौतुक करत होतो ते रॉकेल होतं. मी एक जुनं कार्ड उचलून पाठीमागून पाहिलं. पक्ष्याच्या आकाराचा पिवळट डाग तिथे उठायला लागला होता, तळलेल्या पापडाखालच्या कागदावर तेल उठावं तसा.

"हे महिनाभरात पुढून दिसेल," मी म्हटलं.

"नाई दिसत."

"दिसेल."

शनिवारी वर्ग संपून मॅडम गेल्यावर व्यवस्थापक आला. मी त्याला चहा दिला आणि कार्डं काढायच्या आधी सगळं सांगितलं: मशीन नाही, झेरॉक्स नाही, पण पक्ष्याची रेष टोचलेल्या कागदातून उतरवलेली आहे. जाऊ खोलीच्या कोपऱ्यात बसली होती, आपा शेजारी. सांगताना मी कोणाचं नाव घेतलं नाही, पण खोलीत मी, आपा आणि ती. आपांच्या हाताला केशरी लागलेलं, माझ्या हाताला हिरवं. उरलेल्या हाताकडे त्याने पाहिलंच.

त्याने पळस पाहिले, पानं पाहिली, मान हलवली. नीलपंख त्याने टेबलावर ओळीने मांडले आणि एकेकाच्या डोळ्यावर बोट ठेवत गेला. त्या वेळी मला वाटलं की हा आता उठणार.

"ताई, तुम्ही आधी सांगितलं म्हणून ऐकून घेतो," तो शेवटी म्हणाला. "नाहीतर मीच एकावर एक ठेवून पाहिले असते." मग तो जावेकडे वळला. "रंग तुम्ही भरला?"

"हव."

"हा छातीचा रंग मला कोणी असा करून दाखवलेला नाही. पण हे मी ठेवू शकत नाही. पळस आणि पानं तुमच्याजवळ राहू द्या. नवे पक्षी करा. कागद न टोचता. एकाची मान इकडे, एकाची तिकडे, कोणी जाडा, कोणी बारका, चालेल. फक्त आधी एक करून ताईंना दाखवा, त्यांच्यासमोर. त्यांनी हो म्हटलं की मी गाडी पाठवतो. पक्षी नाहीत तर संच नाही, आणि संच नाही तर ऑर्डर नाही."

तो गेल्यावर आपा म्हणाल्या, "मुर्गी भी चलेगी बोलते. कर ना तू, घाबरते काऊन?"

"घाबरते कोण?" जाऊ म्हणाली. तिने माझ्या हातातून कोरं घडी केलेलं कार्ड घेतलं, पिशवीत टाकलं. "करते ना. घाई काय हाय. पण परीक्षेसारखं समोर बसून नाई करणार मी, बाई. तुमी पाहून राह्यल्या का मले वाटते तुमी मोजून राह्यल्या."

मी म्हटलं, मी मोजणार नाही. तिने हे कितपत मानलं मला सांगता येत नाही. मी तरी तिचं किती मानते? माझ्या मनात अजूनही आहे की ती 'नाही' म्हणते ते परीक्षेच्या रागाने नव्हे. तिला पक्षी येत नाही, आणि ते तिला आमच्यासमोर कळू द्यायचं नाही. की ती खरंच दुखावली आहे? भिंतीपलीकडून इतकं सगळं ऐकू येतं, पण हे ऐकू येत नाही. तिचा दरवाजा आता दुपारी उघडा असतो. मी ते चांगलं लक्षण धरावं की नाही, ते ठरत नाही. उघड्या दारातून पाहिलं तर ती खरोखर धान निवडत असते.

रॉकेलची बाटली तिने मला आणून दिली, मी न मागता. मी ती दुकानात वरच्या फळीवर ठेवली आहे. टोचलेला कागद मात्र तिने दिलेला नाही, आणि मी विचारलेला नाही.

मॅडमना मी सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "रेष मीच तिला द्यायला नको होती," एवढंच म्हणाल्या, आणि पुढच्या शनिवारी त्यांनी सगळ्यांना बाहेर रस्त्यावर नेऊन विजेच्या तारेवर बसलेला कोतवाल पक्षी काढायला लावला, बघून, झटपट, उडायच्या आत. आपांचा कोतवाल कावळा झाला, माझा रेखीव पण मेलेला वाटला. जाऊ आली नाही. हजेरीत तिच्या पुढे मी "गावाला" लिहिलं, कारण तिने तसा निरोप पाठवला होता. तिची चप्पल तिच्या घराच्या दाराशी होती.

व्यवस्थापकाचा परवा फोन आला. पाहुणे यायला लागलेत, संच कधी? मी म्हटलं, लवकरच. फोन ठेवून मी भिंतीशी गेले.

"झालं का वं?"

"भात टाकला हाय बाई. उद्या."

काल विचारलं तर ब्रश सापडत नव्हता. माझा ब्रश मी भिंतीवरून दिला, तिने घेतला, धुतला, आणि संध्याकाळी धुतलेलाच परत केला. आपांचे पळस आणि माझी सागाची पानं दुकानात खोक्यात घालून, मधे कोरे कागद टाकून ठेवली आहेत. कोरं कार्ड तिच्याकडेच आहे. एक नीलपंख, छाप्याशिवाय, माझ्यासमोर: अजून बाकी.